गहू, दूध आणि स्वमग्न मूल

हिंगणघाटच्या एखाद्या शाळेतला दुसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणू या. खिडकीशी एक मुलगा बसतो. खडूचे तुकडे एका ओळीत मांडतो, कुणी ओळ मोडली तर किंचाळतो, नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. शब्द फार थोडे. डब्यात रोज तेच : साखर लावून गुंडाळलेली गव्हाची पोळी. घरी दूध आणि एका ठरावीक पुड्यातली बिस्किटे. भाजीला हात लावत नाही. डॉक्टरांनी स्वमग्नता असे निदान केले आहे. एक दिवस शाळा सुटल्यावर त्याची आई थांबते आणि विचारते, "मॅडम, गहू अन् दूध बंद केलं तं पोरगं बोलाले लागते म्हणतात. खरं आहे का जी?"

प्रसंग आम्ही रचला आहे, प्रश्न मात्र रचलेला नाही. स्वमग्न मुलाच्या आईवडिलांपर्यंत तो कुणी ना कुणी पोचवतेच : एखादा नातेवाईक, बसमध्ये भेटलेली दुसरी आई, फोनवर आलेली चित्रफीत. आणि बाईंना तिथेच, व्हरांड्यात उभ्या उभ्या, काहीतरी उत्तर द्यावे लागते.

'काहीतरीच काय' असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. अन्नाचा मज्जासंस्थेशी संबंध असतो हे विदर्भाला तरी सांगायला नको. दुष्काळात दुसरे काही नसताना लाखोळीची डाळच महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली, की माणसांच्या पायांतली ताकद जाई आणि ती कायमची पांगळी होत. त्या डाळीतला विषारी घटक भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळा केला. तेव्हा 'खाण्याने डोक्यात फरक पडेल का?' हा आईचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शास्त्रज्ञांनीही तो विचारला आहे, आणि एकदा तर त्याचे उत्तर ठसठशीत 'हो' असे आले आहे. आधी ती गोष्ट सांगू.

नॉर्वेत १९३४ साली एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉक्टर अस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे गेली. दोन्ही मुलांची वाढ खुंटलेली होती. त्यांच्या लघवीला एक विचित्र कुबट वास येतो, ही गोष्ट तिच्या लक्षात आली होती. आधीच्या डॉक्टरांना तिने ती सांगितली होती, कुणी मनावर घेतली नव्हती. फॉलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. लघवी हिरवी झाली. त्यावरून त्यांनी शोधून काढले, की या मुलांच्या शरीराला फिनाइल अ‍ॅलनिन हे प्रथिनांमधले एक अमिनो आम्ल नीट वापरता येत नाही. ते साठत जाते आणि मेंदूला इजा करते. या विकाराला आपण फिनाइलकीटोन्युरिया म्हणतो. उपचाराशिवाय राहिलेल्या अशा काही मुलांमध्ये स्वमग्नतेसारखी लक्षणेही दिसतात.

पण कळले तरी करायचे काय? फिनाइल अ‍ॅलनिन जवळजवळ सगळ्या प्रथिनांत असते. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात सुमारे दोन वर्षांची एक मुलगी आली. उभी राहत नव्हती, बोलत नव्हती, डोके आपटत राहायची. तिची आई रोज सकाळी येऊन विचारी, की उपचार कधी सुरू करणार. उपचार नव्हताच. शेवटी होर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स या तिघांनी दुधातल्या केसीन या प्रथिनाचे आम्लाने तुकडे केले, ते मिश्रण कोळशातून गाळून त्यातले फिनाइल अ‍ॅलनिन काढून टाकले आणि उरलेल्या भागाभोवती मुलीचा आहार बेतला. (ज्या केसीनवर पुढे स्वमग्नतेच्या बाबतीत आरोप झाला, त्याच केसीनपासून हे औषधी अन्न तयार झाले होते.) काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, डोळ्यांत ओळख दिसू लागली, डोके आपटणे थांबले.

यापुढची पायरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. डॉक्टरांना शंका आली : आपल्याला सुधारणा दिसावी असे वाटते म्हणून तर ती दिसत नसेल? आईच्या डोळ्यांत आशा आहे, आपल्याही आहे. म्हणून त्यांनी आईला न सांगता आहारात फिनाइल अ‍ॅलनिन पुन्हा मिसळले. आईला काहीच ठाऊक नव्हते. मुलगी काही तासांत रडू लागली आणि थोड्याच दिवसांत तिने मिळवलेले सगळे गमावले. मग आईला विश्वासात घेऊन, रुग्णालयात, हाच प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच झाले. १९५३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईला अंधारात ठेवून असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती करू देणार नाही, आणि देऊ नये. पण त्यातला तर्क पक्का होता. ताटात काय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसतानाही फरक दिसला, म्हणजे फरक खरा.

आता गव्हाकडे येऊ. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना सीलिअ‍ॅक या आतड्याच्या विकारात गव्हाचा हात असावा, असा संशय होता. १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० च्या प्रबंधात डिके यांनी हे व्यवस्थित मांडले. दोषी ठरले ते गव्हातले ग्लुटेन.

ग्लुटेन म्हणजे काय हे वर्गात सहज दाखवता येते. कणकेचा घट्ट गोळा मळून अर्धा तास ठेवा आणि भांड्यातल्या पाण्यात चोळून चोळून धुवा. पांढरे पाणी जाते तो स्टार्च. हातात उरतो एक चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा. हेच ग्लुटेन. इटलीतले बेक्कारी यांनी १७२८ मध्ये ते असेच वेगळे केले होते. आता ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन तेच करा. हातात काही उरत नाही, सगळा गोळा विरघळून जातो. पोळी लाटता येते आणि भाकर मात्र थापावी लागते, याचे कारण मुलांना इथेच सापडते.

डिके यांच्या शोधाचा धागा फ्रान्सिस कर्टिस डोहान या अमेरिकी डॉक्टरांनी वेगळ्याच दिशेने ओढला. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांत गहू आणि राय यांचा वापर कमी झाला, तिथे छिन्नमनस्कतेच्या रुग्णांची रुग्णालयातली भरतीही कमी झाली, असे त्यांनी १९६६ मध्ये मांडले. युद्धकाळात धान्याबरोबर आणखी शंभर गोष्टी बदलतात, तेव्हा या आकड्यांवरून फार काही सिद्ध होत नव्हते. पण गव्हाचा मनाशी संबंध जोडला गेला. १९७९ मध्ये प्रयोगशाळेत दिसले, की ग्लुटेन आणि केसीन यांच्या अर्धवट पचलेल्या तुकड्यांमध्ये अफूसारखा परिणाम करू शकणारी पेप्टाइड असतात. त्याच वर्षी याक पांकसेप यांनी स्वमग्न मुलांचे अलिप्त वागणे मेंदूतल्या अफूसदृश रसायनांच्या अतिरेकामुळे असेल, अशी कल्पना मांडली. नॉर्वेतले कार्ल राइकेल्ट यांनी अशा मुलांच्या लघवीत जास्तीची पेप्टाइड आढळल्याचे सांगितले. तुकडे जुळले : आतडे गळके, त्यातून पेप्टाइड रक्तात, रक्तातून मेंदूत. गहू आणि दूध थांबवा, मूल जागे होईल.

गोष्ट इतकी नीटस होती, की ती खरी आहे का हे तपासण्याआधीच ती घरोघर गेली. का गेली, हे समजायला मात्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून आईवडिलांकडे पाहावे लागते.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात जागा दिली. त्यांपैकी अनेकांना तान्हेपणापासून खाण्याच्या तक्रारी होत्या, हे त्यांनीच नोंदवले आहे. पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चर्चा खाण्याची झाली नाही, आयांची झाली. आई थंड आहे, तिला मूल नकोसे आहे, म्हणून ते स्वतःत मिटले, असे तज्ज्ञ सांगत राहिले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात तर या मुलांची तुलना छळछावणीतल्या कैद्यांशी केली. एका पिढीतल्या आया हा आळ डोक्यावर घेऊन जगल्या. तो खोडून काढला बर्नार्ड रिमलंड यांनी. ते अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नता ही मेंदूची जैविक स्थिती आहे, आईच्या मायेशी तिचा संबंध नाही, हे त्यांनी १९६४ मध्ये पुराव्यानिशी मांडले. आईवडिलांसाठी रिमलंड म्हणजे आरोपातून सोडवणारा माणूस. हेच रिमलंड पुढे जीवनसत्त्वे आणि आहार यांचे खंदे पुरस्कर्ते झाले. घरोघरी कशाने फरक पडला हे ते आईवडिलांनाच पत्रांतून विचारत आणि उत्तरांची मोजदाद करत. ज्यांनी आयांना दोष दिला ते तज्ज्ञ होते, ज्याने त्यांचे ऐकून घेतले तो आहाराविषयी बोलत होता. मग आया कोणावर विश्वास ठेवतील?

आमचे मत असे, की या सुटकेला एक काटा होता. आईच्या स्वभावावरचा आळ गेला आणि तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आहार 'शंभर टक्के' पाळला तरच गुण येतो, असे तिला सांगितले जाते. मूल सुधारले नाही, म्हणजे कुठेतरी बिस्किटाचा तुकडा पोटात गेला असणार. म्हणजे पुन्हा तिचीच चूक.

पारख करण्याची वेळ १९९० च्या दशकाच्या शेवटी आली, आणि ती आहारामुळे नव्हे, सिक्रेटिन या आतड्यातल्या संप्रेरकामुळे. (बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये शोधलेले हेच पहिले संप्रेरक.) पोटाच्या तपासणीसाठी ते टोचल्यावर तीन स्वमग्न मुले बोलू-बघू लागली, असा अहवाल १९९८ मध्ये आला आणि अमेरिकेत आईवडिलांची रीघ लागली. १९९९ मध्ये सँडलर आणि सहकाऱ्यांनी साठ मुलांवर चाचणी घेतली. काहींना सिक्रेटिन, काहींना साधे मिठाचे पाणी. कुणाला काय टोचले हे आईवडिलांना माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गटांत साधारण तीन मुलांमागे एकात सुधारणा दिसली. मिठाच्या पाण्यानेही! निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होता.

या आईवडिलांना कुणी भोळे म्हणू नये. मूल वाढत असते, काही आठवडे बरे जातात, काही वाईट. वाईट आठवड्यात आपण उपाय सुरू करतो, म्हणून पुढचा आठवडा बहुधा बराच असतो. आणि आपण टक लावून पाहत असतो, तेव्हा एरवी निसटणारी नजरानजरही टिपली जाते. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना नेमकी हीच भीती वाटली होती.

वर्धा जिल्ह्याला तर आहाराचे प्रयोग नवे नाहीत. ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत सुरू झाल्यावर १९३५ मध्ये गांधीजींनी तिथे जेवणात सोयाबीन आणून पाहिले आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. त्याआधी १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग 'यंग इंडिया'त जाहीर केला होता, आणि तो फसला तेव्हा तेही छापले होते. अपयश छापण्याचा हा प्रामाणिकपणा आजही दुर्मीळ आहे. पण तिथे खाणारा, आशा धरणारा आणि नोंद करणारा एकच होता. वजन असे मोजता येते, 'मन कसे आहे' हे असे मोजता येत नाही.

गहू-दूध वर्ज्य करण्याच्या आहाराचे तसेच झाले. नॉर्वेत २००२ मध्ये वीस मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. दहा मुले वर्षभर आहारावर होती, दहा नव्हती. आहारावरची मुले सरस ठरली. पण आपले मूल कोणत्या गटात आहे हे घरी ठाऊक होते. २००६ मध्ये अमेरिकेत एल्डर आणि सहकाऱ्यांनी पंधरा मुलांना बारा आठवडे तयार जेवणच पुरवले. कधी त्यात ग्लुटेन-केसीन असे, कधी नसे, आणि घरच्यांना ते कळत नसे. मोजमापात फरक आला नाही, तरी काही पालकांनी मूल सुधारल्याचे सांगितले. लघवीतल्या पेप्टाइडांचे काय? २००८ मध्ये इंग्लंडमध्ये ६५ स्वमग्न मुलगे आणि १५८ इतर मुले तपासली. फरक नव्हता. नीटस गोष्टीचा पायाच निघाला. २०१६ मध्ये हायमन आणि सहकाऱ्यांनी चौदा मुलांना आधी काटेकोर आहारावर ठेवून मग बर्मिंगहॅमसारखीच परीक्षा घेतली, यावेळी पालकांच्या संमतीने. खाऊत कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही, आणि कोणत्या दिवशी काय ते घरी कुणालाच माहीत नाही. झोप, शौच, वागणे, कशातच बदल झाला नाही. २०२० मध्ये पोलंडमध्ये ६६ मुलांवर सहा महिने फक्त ग्लुटेनची चाचणी झाली, तिथेही दोन्ही गट सारखेच राहिले. या चाचण्या लहान आहेत, हे खरे. एखाद्या मुलाला वेगळा अनुभव येणे त्यांतून अशक्य ठरत नाही. पण फिनाइलकीटोन्युरियात एकाच मुलीत जो परिणाम डोळ्यांना दिसला, तसा तो इथे दडलेला असता, तर एवढ्यात दिसायला हवा होता. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्येच सांगून ठेवले आहे, की स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर उपाय म्हणून असा आहार वापरू नये.

मग आपल्या त्या आईला 'नाही' एवढेच सांगायचे का? नाही. अजून तीन-चार गोष्टी उरतात.

पहिली गोष्ट खर्चाची. परदेशात ग्लुटेनमुक्त आहार म्हणजे महाग डबाबंद वस्तू. हिंगणघाटात तो आजीच्या चुलीवरच होता : ज्वारीची भाकर, वरण, भात. ज्वारीची शेते सोयाबीन आणि कपाशीने घेतली, रेशनवर गहू आला आणि पोळी रोजची झाली. म्हणून गहू बंद करणे इथे परवडेल, असे वाटते. पण आपल्या वर्गातला मुलगा तीनच पदार्थ खातो, आणि ते तिन्ही याच यादीतले आहेत. पोळी, दूध, बिस्किट. ती काढून घेतली, तर तो भाकर खाईल असे नव्हे. तो काहीच खाणार नाही, असेही होईल. स्वमग्न मुलांचा हट्ट चवीपुरता नसतो. पदार्थाचा रंग, खरखर, वास, तुटतानाचा आवाज, सगळे त्यात येते. फार थोडे पदार्थ खाणाऱ्या अशा मुलांमध्ये जीवनसत्त्वांच्या अभावाने स्कर्व्हीसारखे, आपण इतिहासाच्या पुस्तकात खलाशांबरोबर वाचतो ते आजार आजही आढळले आहेत. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि दूध वर्ज्य केलेल्यांमध्ये ती आणखी कमी होती. दूध काढायचे तर कॅल्शियम आणि प्रथिने कुठून येणार, हे आधी आहारतज्ज्ञाबरोबर ठरवायला हवे.

दुसरी गोष्ट पोटाची. या मुलांमध्ये बद्धकोष्ठ आणि पोटाच्या इतर तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. ज्याला 'पोट दुखते' म्हणता येत नाही तो चावतो, ओरडतो, रात्री जागतो. दात किडला तरी तेच. तेव्हा आई 'काहीतरी खाण्याचेच आहे' म्हणते, त्यात पुष्कळदा तथ्य असते. ते तपासून घ्यायला हवे. सीलिअ‍ॅक विकारही तपासावा, जरी २०१६ च्या पाहणीत तो उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला आणि दक्षिणेत हजारात एकाला आढळला. इथे एक चूक सर्रास होते. घरी गहू आधी बंद केला जातो आणि रक्ततपासणी मागाहून. गहू थांबला, की त्या तपासणीत दिसणाऱ्या खुणा विरत जातात आणि विकार असूनही निकाल चुकीचा येतो. म्हणून तपासणी होईपर्यंत पोळी चालू राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट दाराची, म्हणजे आईने कोणाकडे जायचे याची. भारतातल्या वैद्यकीय लिखाणात स्वमग्नतेसारख्या मुलांचे वर्णन दार्जिलिंगला काम करणाऱ्या ए. रोनाल्ड या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९४४ मध्येच केले होते. पण पुढची कित्येक वर्षे आपल्याकडे ही मुले 'मतिमंद' या एकाच खान्यात पडली. आईवडिलांनी उभी केलेली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' दिल्लीत १९९१ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचे नाव १९९९ मध्ये आले, दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ मध्ये. २०१३ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या पालघरपासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडी आणि शाळांमध्ये येतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. पथक येईल त्या दिवशी या मुलाचे नाव बाईंनी आपणहून पुढे करावे. वर्धा जिल्ह्यात तर सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

एवढे करूनही आईवडिलांना आहार बदलून पाहायचाच असेल, तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांसाठी, एका वेळी एकच बदल करावा. मुलाचे वजन-उंची दर महिन्याला लिहावी. वागण्याची नोंद मात्र आईने एकटीने करू नये. ती बाईंनीही करावी, आणि घरी गहू कधी थांबला, कधी सुरू झाला, हे आईने बाईंना सांगू नये. डबा घरून येतो, तेव्हा डब्याकडे त्या काळापुरते दुसऱ्या शिक्षकांनी लक्ष द्यावे. वहीत रोजच्या तारखेसमोर चार रकाने पुरतात : हाकेला वळला का, किती वेळ एका जागी बसला, किती वेळा किंचाळला, आपणहून कोणता शब्द उच्चारला. दोन महिन्यांनी आईची वही आणि बाईंची वही एकाच बाकावर शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या.